वहिनीला सांगितलेला कायदा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या वहिनीला पाहिलेलं नाही — तिला ओळखणाऱ्या माणसासमोर माझ्या तोंडून हे बाहेरच पडलं नसतं.

पण आधी थोडं वहिनीबद्दल बोलू द्या. ती उमरेडची. दादाच्या लग्नात नवरा-नवरीनं मिळून संविधानाची उद्देशिका वाचायची, असं मीच ठरवलं होतं. आमच्याकडे बऱ्याच घरांत वाचतात. 'सार्वभौम'वर वहिनीची जीभ अडखळली आणि भर मांडवात ती अशी खुदकन हसली, की आमचे कडक बाबासुद्धा हसले. आमच्या हुडकेश्वरच्या घरात आली आणि बघता बघता सगळं घर तिचं झालं. माझ्या डोक्याला तेल तीच लावायची. माझी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, फसली, की आईला कळायच्या आत गुपचूप सावरून घ्यायचीही तीच. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं इतकं तिनं माझं केलं.

मी विधी स्वयंसेवक आहे. म्हणजे वस्त्यांमधून फिरायचं आणि लोकांना सांगायचं, की बाबांनो, वकील करायची ऐपत नसली तरी कोर्टाची पायरी चढता येते. गरिबाला न्याय नाकारला जाऊ नये म्हणून मोफत मदतीची सोय करा, असं आपल्या संविधानानंच सरकारला सांगून ठेवलं आहे. मी बोलते बरी. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी आमच्या वस्तीत मी 'कोर्टवाली ताई'. आणि माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत कोण? आमच्या वहिनीबाई. मी दमले असं वाटलं, की मध्येच टाळ्या वाजवून मला श्वास घ्यायला वेळ द्यायची.

मग दादा बुटीबोरीच्या एका कंपनीत लागला. तिथेच खोली केली. आधी दर शनिवारी यायचा, मग सणावाराला, मग नाहीच. तिथे दुसरी बाई होती — घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. घरखर्चही त्यानं बंद केला. वहिनी आणि तिची पिंकी, माझी भाची, आमच्याच घरात पाहुण्यांसारख्या वागायला लागल्या. मला ते दिसत होतं. दिसत होतं, असं तरी मी म्हणू का?

माझं लग्न अजून व्हायचं होतं. एका दुपारी गहू निवडता निवडता वहिनी म्हणाली, "संगीता वं, तो फुकटचा वकील मले भेटन काय? मले भांडाचं नाही. पोरीच्या शिक्षणापुरतं त्यानं द्यावं, बस."

खरं सांगू? त्या क्षणी मला वहिनी दिसलीच नाही. मला कोर्टाचा व्हरांडा दिसला. तिथे खाली मान घालून उभा असलेला दादा. आणि ज्या बायकांना मी धीर देते त्या, जे वकील मला ताई म्हणतात ते — सगळे माझ्याकडे बघताहेत. हिच्याच घरात हे? झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती माझ्याच माणसानं उघडायची?

"तुले नाही भेटत, वहिनी," मी म्हणाले. "दादाले पगार हाय नं. ते गरिबाइसाठी रायते."

खोटं. धडधडीत खोटं. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटच नाही — ती कुणाची का बायको असेना.

"असं हाय काय," वहिनी म्हणाली आणि पुन्हा गहू निवडायला लागली. तिनं दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. का विचारेल? घरातच कोर्टवाली बसली होती. पुढच्या महिन्यात ती पिंकीला घेऊन उमरेडला भावाकडे गेली आणि लोकांचे ब्लाउज शिवायला लागली. पिंकीला नर्स व्हायचं होतं. बारावी झाल्यावर ती कापडाच्या दुकानात लागली. अजून तिथेच आहे, दिवसभर उभी. आणि मी? मी वस्त्यांमधून हक्क सांगत फिरत राहिले. लोका सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला येतंच.

मागच्या हिवाळ्यात माझा कार्यक्रम उमरेडलाच होता. वहिनी आली होती. शेजारणीला कोपरानं ढोसून सांगत होती, "माही नणंद हाय." माझं बोलणं संपलं तशी मागून एक बाई उठली. तिच्या नवऱ्याला चांगला पगार होता. मग आपल्याला वकील मिळणार नाही ना, असं तिनं विचारलं.

माईक माझ्या हातात. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. काय करणार होते मी?

"मिळेल," मी म्हणाले. "कोणत्याही बाईला मिळतो. नवऱ्याचा पगार कुणी विचारत नाही."

वहिनीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी ती मला स्टँडवर सोडायला आली. गर्दीत घुसून तिनं मला खिडकीची जागा धरून दिली, मग खाली उतरून खिडकीशी उभी राहिली. पदरानं खिडकीच्या गजांवरची धूळ पुसली. मग म्हणाली, "तवा नियम येगळा असन, नाही वं? नाही तं तू सांगितलंच असतं मले."

ती मला विचारत नव्हती. ती मला वाचवत होती — आणि मी तिला वाचवू दिलं.

"हो वहिनी," मी म्हणाले. "आता बदलला."

तिचा चेहरा मोकळा झाला. "मंग ठीक हाय," म्हणाली. "आता कायले पाह्यजे? पोरगी कमवून राहिली." खिडकीतून हात आत घालून तिनं माझा गाल कुरवाळला, आणि बस सुटेपर्यंत तो हात काढला नाही.

नियम बदललेला नाही. वहिनीनं विचारलं त्या दुपारीही तो हाच होता, आणि मला तो पाठ होता.