सळईचं दुसरं टोक

"माय, हे सगळंच चुकलं व," लेक म्हणाली.

पांढुर्ण्याच्या फलाटावर बाकावर बसून ती आपल्या प्रबंधाची पानं मोजत होती. मोजता मोजता थांबली. मधलं एक पान काढून पाहिलं, मग शेवटचं.

"सगळीकडे आडवा आठ काढला तुनं."

"तूच तर दाखवला होता."

"पहिल्या प्रकरणात! पुढं सगळीकडे लहान ए आहे. माझ्या कागदात पाहिलं नाही काय?"

नव्हतं पाहिलं. तिचा बाप शेजारी उभा होता. तो एकदा माझ्याकडे आणि एकदा सिग्नलकडे पाहत राहिला.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत प्रबंधाच्या पाच प्रती नागपूरच्या विद्यापीठात पोचवायच्या होत्या. मुदत एकदा वाढवून मिळाली होती. आता मिळणार नव्हती. पाच वाजून गेले की तिचं नाव कटणार आणि सहा वर्षं फुकट.

मी चौथी शिकलेली. मग तिच्या प्रबंधात माझा हात कसा पोचला, ते सांगते. नागपूरच्या टायपिस्टच्या मशीनवर इंग्रजी अक्षरं होती, गणिताच्या खुणा नव्हत्या. त्यानं तेवढी जागा कोरी सोडली. लेक सौंसरच्या शाळेत शिकवत होती आणि तिथं परीक्षा चालू होत्या. माझा हात स्थिर. बरीच वर्षं मी संत्र्याच्या पेट्यांवर ब्रशनं खुणा आणि इंग्रजी अक्षरं काढली होती. म्हणून तिनं गठ्ठा माझ्याकडे दिला, जोडीला तिचे हातानं लिहिलेले कागद. खूण म्हणजे फांदी ओढायच्या आकडीसारखा लांब आकडा. खाली शून्य, वर आडवा पाडलेला इंग्रजी आठ. पेट्यांच्या कामात रीत अशी, की पहिली पेटी नीट पाहायची आणि मग माल संपेपर्यंत मान वर करायची नाही. माल एक तर खूण एक. मी पाचही प्रती तशाच काढल्या. अक्षर सुरेख आलं होतं. ती सौंसरहून पहिल्या बसनं थेट स्टेशनवर आली, म्हणून पानं तिनं फलाटावरच पाहिली.

"एवढ्याशा खुणेनं काय बिघडते?" मी विचारलं.

ती चिडली, पण सांगितलं. "सराटा तव्यावर राहिला तर दांडा हळूहळू तापते ना? सळईत कुठं किती आच पोचली, हे काढायचं समीकरण लई अवघड आहे. म्हणून सळईत बरोबर मावणारी एक लाट घ्यायची, तिनं गुणायचं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बेरीज करायची. लाट दोन्ही टोकांवर शून्य होते. नको ते तिथं गळून पडते अन् सोपं समीकरण उरते. ते सोडवलं की उलटं फिरून उत्तराकडे यायचं. ए म्हणजे सळईचं दुसरं टोक. आडवा आठ म्हणजे सळई संपतच नाही. टोकच नाही तर गळंल कुठं? पहिल्या प्रकरणात जुनी, न संपणारी सळई होती. माझं सगळं काम संपणाऱ्या सळईवर आहे, माय."

मला निम्मं कळलं. तेवढं पुरे होतं.

स्टेशनवरच्या माणसानं सांगितलं, गाडी मागच्याच स्टेशनवर, तिगावला उभी आहे, इंजिनात बिघाड आहे. किती वेळ लागेल ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तिचा बाप स्टेशनबाहेरच्या न्हाव्याकडून दाढीची दोन ब्लेडं घेऊन आला, त्यांचे अर्धे तुकडे केले आणि खरडायला बसला. पहिल्याच प्रकरणापासून.

"बाबा, थांबा! तो आठ बरोबर आहे!"

"एक बरोबर, बाकी चूक. माणसानं ओळखावं कसं?" तो म्हणाला, पण पुढच्या प्रकरणावर गेला.

लेक बोट ठेवायची, तो खरडायचा, मी ए काढायची. कार्बनच्या प्रतींचा कागद पातळ होता. ब्लेड जरा दाबलं की भोक पडायचं. दर दोन पानांनी तिघांच्याही माना तिगावच्या बाजूला वळत. गाडी यावी असंही वाटे आणि येऊ नये असंही. भाजीची टोपली घेऊन आलेली एक बाई आमच्यावर वाकली.

"कोनाची पत्रिका होय व?"

"सळईची," मी म्हटलं.

"अन् पोरीची कधी?"

"सळईचं उरकू दे आधी," लेक मान वर न करता म्हणाली.

मी माफी मागितली नाही. मागत बसले असते तर दहा पानं राहिली असती.

गाडी आली तेव्हा खरडणं सगळं झालं होतं, लिहिणं दोन प्रतींचं बाकी होतं. तिच्या बापाला कामावर जायचं होतं. त्यानं गठ्ठा खिडकीतून आत दिला आणि बोटांना लागलेली शाई धोतराला पुसली. मी लेकीबरोबर गेले, कारण अक्षर एका हाताचं पाहिजे होतं. चालत्या गाडीत लिहिता येईना. गाडी थांबली की मी लिहायची, सुटली की पेन वर धरून बसायची. उरलेलं नागपूरला बाइंडरच्या ओट्यावर केलं. तो घाई करेना, एकेक प्रत आरामात शिवत होता. लेक दारात उभी राहून त्याच्या भिंतीवरचं घड्याळ पाहत होती.

पाचला दहा मिनिटं असताना कारकुनानं प्रती घेतल्या. त्यानं पान उलटूनही पाहिलं नाही.

चार प्रती तिथं राहिल्या. पाचवी शिक्का मारून परत मिळाली, ती आमच्या घरी आहे. तिच्या मागच्या भागात एका पानावर तिच्या बापाच्या ब्लेडातून सुटलेला आडवा आठ तसाच राहून गेला आहे. लेकीला तो प्रबंधाचा निकाल लागल्यावर सापडला. तिनं खरडला नाही, मीही नाही.

निकाल यायच्या आधीच तिचा बाप गेला. त्या फलाटावर आम्ही तिघं होतो. लेक आहे, मी आहे.