पाचवीच्या फोनची वाट

आम्ही चार पालक कुठे एकत्र जमलो, की चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ए, तो लोनवालीचा सांग ना." मग एकातून एक निघत जातात. खरं सांगते, त्या दिवसांत आमच्यापैकी कुणालाही हसू येत नव्हतं. जेवण जात नव्हतं, रात्री डोळा लागत नव्हता, घरच्यांचा काय दोष, पण त्यांच्यावर आम्ही डाफरत होतो. किस्से मात्र आपोआप साठत होते.

आधी भानगड काय होती ते सांगते. लालबागला आमच्या मुलांची शाळा चौथीपर्यंतच. चौथी झाली की दाखला हातात, आणि पाचवीसाठी हायस्कूल तुमचं तुम्ही शोधा. आम्हा सगळ्यांचा डोळा दादरच्या एका शाळेवर. मराठी माध्यम, सेमी इंग्लिश, स्वतःचं मैदान. तिथली प्राथमिकची मुलं आधी वर जातात, उरलेल्या थोड्या जागा बाहेरच्यांना, त्याही चिठ्ठ्या टाकून. नाव निघालं नाही तर वेटिंग. मग कुणाच्या वडिलांची बदली झाली, कुणी विरारला राहायला गेलं, की जागा रिकामी होते आणि ऑफिसातले परब सर फोन करतात. फोन उचललात, तर त्याच दिवशी बारापर्यंत आई नाहीतर वडील ओरिजिनल कागद घेऊन हजर पाहिजेत. दोनदा लावूनही उचलला नाहीत, तर फोन पुढच्या नंबरला, आणि तुमचं नाव तळाला.

माझी आई त्याच शाळेच्या मागच्या गल्लीत राहते. ही शाळा मिळाली तर माझी अन्वी सुटल्यावर आजीकडे जाणार आणि मी नोकरी करणार. नाही मिळाली तर मी नोकरी सोडायची, असं घरात ठरलं होतं. म्हणजे ठरवलं सगळ्यांनी मिळून, आणि सोडायची मी एकटीने.

०००

चिठ्ठ्यांचा दिवस. शाळेच्या हॉलमध्ये स्टीलचा मोठा डबा, पहिलीतली एक चिमुरडी चिठ्ठ्या काढणार, मोठ्या बाई नावं वाचणार. आमच्यातले प्रधान कागद-पेन घेऊन बसलेले. लोअर परळला कुठल्याशा कंपनीत मॅनेजर माणूस. "घाबरू नका, मॅथेमॅटिकली आपला चान्स चांगला आहे," असं सकाळपासून सगळ्यांना सांगत होते.

मुख्य जागा संपल्या. आमच्यातल्या एकाचंही नाव नाही. मग वेटिंगच्या चिठ्ठ्या निघायला लागल्या. पहिली चिठ्ठी, प्रधानांचा निहार. दुसरी, सावंतांची सई. तिसरी, माझी अन्वी. चौथी, हेमाचा रुद्र. चौघंही लालबागच्या एकाच वर्गातली! आम्ही फॉर्म एकत्र जाऊन भरले होते, म्हणजे चिठ्ठ्या डब्यात पडल्या तशाच एकमेकींना चिकटून तळाशी बसल्या होत्या.

प्रधान ताडकन उठले. "मॅडम, धिस इज नॉट रँडम. डबा नीट हलवलेलाच नाहीये."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "मग सगळ्या परत टाकून हलवू का?"

प्रधानांनी हातातल्या कागदाकडे बघितलं. निहार, वेटिंग एक. आणि मुकाट्याने खाली बसले.

०००

सावंतभाऊ मूळचे मालवणचे. मिलच्या जागेवर मॉल झालाय तिथे सुपरवायझर. माणूस शांत, पण वेटिंग दोन म्हटल्यावर तेही हलले. त्यांनी गावाला भावाला फोन केला आणि देवाला कौल लावायला सांगितला. पाषाणावर पाकळ्या लावतात, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

दुसऱ्या दिवशी हा माणूस शाळेच्या गेटवर पडेल चेहऱ्याने उभा. मी म्हटलं, "काय भाऊ, डावा आला का कौल?"

"नाय गो, उजवोच इलो."

"मग तोंड का असं?"

"भावान देवाक विचारल्यान, 'पोरीक पाचवीक प्रवेश गावतलो काय?' देव म्हणता, गावतलो. पण खंयच्या शाळेत, ता विचारूचा ऱ्हवला."

"मग परत लावायचा कौल."

"तसा परत परत विचारूक गेला तर देव रागावता."

प्रधान शेजारीच उभे होते. "अंधश्रद्धा आहे सगळी," असं पुटपुटले आणि मोबाईलमध्ये तोंड खुपसून उभे राहिले.

०००

आता लोनवालीचा. मी तेव्हा रजा टाकून घरी बसले होते, केवळ फोनसाठी. न्हाणीघरातसुद्धा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्यायचे. एक दिवस सकाळी लँडलाइनसारखा नंबर वाजला. पहिल्या रिंगलाच उचलला.

पलीकडून बाईचा आवाज. "मॅम, आपके लिए अप्रूव्हल आया है."

मला वाटलं, परब सरांनी कुणा बाईला लावायला सांगितला असेल. "थँक्यू मॅडम, थँक्यू. ओरिजिनल कागद घेऊन लगेच निघते. आधार, जन्मदाखला, सगळं तयार आहे."

तिला आयुष्यात असं गिऱ्हाईक भेटलं नसणार. मग घाईघाईने म्हणाली, "मॅम, आपको आने की जरूरत नहीं, हमारा लडका घर आ जाएगा."

मी पायात चप्पल घातली होती. फाईल काखेत, एका हातात फोन, दुसऱ्या हाताने कुलूप लावत होते. "घरी? शाळा घरी माणूस पाठवते?"

"मॅम, पर्सनल लोन के लिए घर ही आते हैं."

मी तिथेच जिन्यात बसले आणि रडले. समोरच्या वहिनी बाहेर आल्या, त्यांना वाटलं घरात काही बरंवाईट झालं. त्यांना काय सांगू, कप्पाळ!

०००

हेमा आमच्यातली चौथी. वरळी कोळीवाड्यातली. नवरा बोटीवर जातो आणि ही दादरच्या मासळी बाजारात ओट्यावर बसते. तिला शाळा हवी होती ती एवढ्यासाठी, की रुद्र सुटल्यावर सरळ तिच्याकडे बाजारात येऊ शकला असता. आदल्या वर्षी तो एकटा घरी असताना समुद्रावर गेला होता आणि संध्याकाळपर्यंत सापडला नव्हता. ती गोष्ट सांगताना हेमाचा आवाज आजही बदलतो.

मधे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी पुडी सोडली, की परब सरांना सुरमई फार आवडते. खरं-खोटं देव जाणे. प्रधानांनी हेमाला बाजूला घेतलं. "हेमाताई, बघा ना. चौघांच्या वतीने एखादी सुरमई गेली तर बिघडलं कुठे?"

हेमा ओट्यावरचं बर्फ सारखं करत होती. मान वर न करता म्हणाली, "प्रधान साहेब, माझ्या पोराची शीट सुरमईवर नको मला. आणि सुरमईपण एवढी स्वस्त नाय झाली."

प्रधान निघताना अर्धा किलो बांगडे घेऊन गेले. खात नाहीत घरात कुणी, तरी.

०००

पहिला फोन आला तो प्रधानांनाच. शनिवार, सकाळची वेळ. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला, "यस सर, बारापर्यंत, शुअर सर," सगळं व्यवस्थित. मग बायकोला म्हणाले, "निहारचे ओरिजिनल काढ."

बायको म्हणाली, "तुम्हीच नाही का बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेत? घरात हरवतात म्हणून?"

महिन्यातला दुसरा शनिवार. बँक बंद.

त्या दिवशी प्रधान काय नाही धावले. बँकेच्या शटरपुढे उभे राहिले, वॉचमनच्या हातापाया पडले, मॅनेजरचं घर शोधत माहीमला गेले. मॅनेजर लग्नाला नाशिकला. शेवटी रंगीत झेरॉक्स घेऊन शाळेत पोचले, तर परब सर म्हणाले, "साहेब, मला वाईट वाटतं, पण ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल." बारा वाजले, निहारचं नाव तळाला गेलं आणि फोन सावंतांना गेला, ऑफिस बंद व्हायच्या आत या म्हणून. सावंत सगळे कागद कमरेला बांधल्यासारखे बरोबर घेऊनच फिरत होते. सईचं काम झालं.

आम्हाला आनंद दाखवता येईना आणि दुःखही. प्रधान आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी सावंतभाऊ पेढे घेऊन त्यांच्या दारात गेले. उठताना सावंत हळूच म्हणाले, "निहारासाठी सांगू काय भावाक, कौल लावूक?"

प्रधानांनी एक पेढा उचलला. मग म्हणाले, "शाळेचं नाव मात्र नीट सांगा."

०००

आता पुढचा नंबर माझा आणि माझ्यानंतर हेमाचा. शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते. माझी रजा संपली होती. माझं ऑफिस असं, की कामाच्या फ्लोअरवर मोबाईल नेता येत नाही, खाली लॉकरमध्ये ठेवावा लागतो. नवरा साइटवर, तिथे रेंजची बोंब. आईला ऐकायला कमी येतं, ती कुठल्याही फोनला "राँग नंबर" म्हणून मोकळी होते.

एका रविवारी अन्वी आणि रुद्र आमच्याकडे खेळत होते. मी स्वयंपाकघरात. रुद्रने कानाला रिमोट लावला होता. "हॅलो, मी परब सर बोलतोय. तुमची जागा आहे. बारापर्यंत या."

अन्वी अगदी माझ्या आवाजात म्हणाली, "सॉरी सर, मी ऑफिसला आहे. दुसऱ्या कुणाला द्या."

माझ्या हातातली कणीक हातातच राहिली. पोरीला ओरडावं तर ती काय खोटं बोलली होती? फार लागलं मला ते.

संध्याकाळी हेमा रुद्रला न्यायला आली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच ना? माझा नंबर दे शाळेत. मी ओट्यावरनं हलत नाय आणि फोन माझ्या कमरेलाच असतो. तुला निरोप देणं माझं काम." दुसऱ्या दिवशी मी जाऊन अन्वीच्या नावापुढे हेमाचा नंबर दिला. परब सरांनी मान वर न करता लिहून घेतला.

०००

त्या दिवशी ऑफिसात सिक्युरिटीवाला माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, रिसेप्शनला कुणा हेमाबाईंचा फोन होता. पोरीच्या शाळेचं आहे, लगेच पोचायला सांगितलंय. कधीच्या लावत होत्या, लाइन मिळत नव्हती."

मी घड्याळ बघितलं, बारा वाजत आले होते. खाली धावले, लॉकरमधून पर्स काढली. प्रधानांचं झाल्यापासून कागद पर्समध्येच असायचे. टॅक्सी केली. पुलाचं काम चालू, सगळा रस्ता तुंबलेला. टॅक्सीवाला म्हणाला, "चलके जाओ बेहन, जल्दी पहुंचोगी." उतरले आणि पळत सुटले. पळताना एकच वाटत होतं, गेली आपली जागा. आणि गेली तर हेमाकडे जाईल, निदान परक्याकडे नाही, असंही वाटलं. पण ते वाटून बरं वाटलं नाही. मला माझ्या पोरीसाठी हवी होती.

शाळेत पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. ऑफिसच्या दारात घामाघूम उभी राहिले. आत परब सर लँडलाइनचा रिसीव्हर कानाला लावून बसले होते. समोरच्या बाकावर हेमा. बाजारातनं तशीच उठून आलेली, साडी वर खोचलेली, पदराला खवले चिकटलेले.

परब सर मला बघून म्हणाले, "अन्वीची आई का तुम्ही? ह्या मावशी कधीच्या येऊन बसल्यात तुमच्यासाठी. सारख्या म्हणतायत, येतेय, येतेय. पण मी तरी किती थांबणार? बारा होऊन गेले. ही शेवटची जागा आहे, पुढच्या मुलाच्या घरी फोन लावलाय. त्यांनी नाही उचलला, तरच तुमचं बघू, आता समोर आहात म्हणून."

मी हेमाकडे बघितलं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, पदराच्या खाली. पदरातून उजेड येत होता आणि पदर थरथरत होता.

परब सरांनी रिसीव्हर ठेवला, परत उचलला, परत नंबर फिरवला. उजेड पुन्हा लागला. हेमा समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग तो आपोआप विझला.

"दुसऱ्यांदा लावला, तरी उचलत नाही," परब सर वैतागून म्हणाले. "काय आया असतात बघा. मुलाच्या आयुष्याचा प्रश्न, आणि बाईंना फोन उचलायला वेळ नाही."

"असते एकेक," हेमा म्हणाली. "तुम्ही हिचे कागद घ्या."