जपानी भुताचं वाटोळं मीच केलं

मंडळी, सिनेमा संपून तासभर झाला तरी जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहिते.

दर रविवारी दुपारी, लोधीपुऱ्यातल्या आमच्या घरी, खिडकीला चादर लावून आम्ही सात बायका सिनेमा बघतो. गेल्या रविवारी हॉलिवूडने केलेली जपानी भुताच्या सिनेमाची नक्कल बघितली. भूत यायच्या आधी संगीत, आल्यावर किंकाळी, मग ती बाई कोण, का मेली, सगळा खुलासा. मी वैतागून म्हटलं, आता मूळ जपानी बघायचा. "एकच मौका हं, भाभी. नाहीतर मंडळ बंद," सगळ्या म्हणाल्या.

परक्या भाषेच्या सिनेमात खाली येणारी इंग्रजी अक्षरं कुणी वाचत नाही, ती मीच मोठ्याने मराठीत सांगते.

आज पडद्यावर एक बाई भिंतीकडे तोंड करून नुसती उभी. संवाद नाही, संगीत नाही. मला सांगायला काहीच नव्हतं. शेजारच्या सुनंदाताईंनी फोन काढला. एक जण चपला शोधायला लागली. माझा धीरच सुटला.

"अगं थांबा! नवऱ्याने मारलंय तिला, आता ती बदला घेणार!" मी बोलतच सुटले. सिनेमात यातलं काहीही नव्हतं.

सगळ्या शेवटपर्यंत बसल्या. जाताना सुनंदाताई खूश होऊन म्हणाल्या, "भाभी, हा तर मागच्यासारखाच निघाला की! उगाच त्याला नावं ठेवत होतात तुम्ही."

समोरचं माणूस उठून जाताना दिसत असताना तुम्हाला कधी गप्प बसता आलंय का हो?