कुंभकोणमचं गोपुर, नणंदेचा मिररलेस आणि माझं डबडं

माझ्या कॅमेऱ्याला 'डबडं' हे नाव माझ्या नणंदेनं दिलं. मेधा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पुण्यात राहते, आणि मागच्या दिवाळीत तिनं नवा कोरा मिररलेस कॅमेरा घेतला, मोठ्या सेन्सरचा, लेन्स बदलता येणारा. तेव्हापासून ती फोनवर तब्येत विचारायच्या आधी सेन्सर विचारते. माझ्याकडे आठ वर्षांचा ब्रिज कॅमेरा आहे. लेन्स बदलता येत नाही, आतला सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, पण झूम साठपट. सांगलीत कृष्णेच्या घाटावर उभं राहून पलीकडच्या काठावरच्या खंड्याच्या चोचीतला मासा मी त्यानं टिपलाय. शाळेत गणित शिकवून उरलेल्या वेळात माझा हाच उद्योग.

तरीही खरं सांगते, मीही डगमगले होते. सांगलीतल्या दुकानदारानं जुना कॅमेरा घेऊन नवा मिररलेस देण्याची तयारी दाखवली होती. मेधा म्हणाली, "वहिनी, चार दिवस दोघी कुठंतरी जाऊ. दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी चालवू. मग ठरव." जागा तिनंच निवडली. देवळं, अंधारे मंडप, कोरीव खांब, म्हणजे तिच्या सेन्सरला माहेर. हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

आम्ही फेब्रुवारीत गेलो. मिरजेहून बेंगळुरू, आणि तिथून संध्याकाळी निघून सकाळी थेट कुंभकोणमला सोडणारी गाडी आहे. तिकीट आधी काढा, जागा पटापट भरतात. स्टेशनबाहेर पहिली गोष्ट करायची ती म्हणजे डिग्री कॉफी, निर्भेळ दुधातली इथली फिल्टर कॉफी. पितळेच्या वाटीत पितळेचा पेला, आणि वर फेस. सोबत इडलीवर 'कडप्पा' घाला. हे बटाटा आणि मुगाच्या डाळीचं पातळसर कालवण आहे, या गावाबाहेर सहसा मिळत नाही. मी तीन दिवस सकाळी तेच खाल्लं आणि अजिबात पश्चात्ताप नाही.

मुक्काम गोपाळरावांकडे. एका पुष्करणीजवळच्या गल्लीत त्यांचं घर, वरच्या दोन खोल्या ते पाहुण्यांना देतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पोस्टातून निवृत्त, तंजावरी मराठी माणूस. आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा ते आणि त्यांच्या पत्नी कावेरीबाई दारातच उभे होते.

"या, या. बसां. काफी पिऊन मग अवघें बोलूं," ते म्हणाले.

मेधानं माझ्याकडे पाहिलं. ते मराठी आमचंच होतं, फक्त दोन-तीनशे वर्षं वेगळ्या खोलीत ठेवलेलं. आमचं मराठी ऐकून कावेरीबाईंनाही तसंच वाटत असावं, कारण मी बोलले की त्या पदराआड हसायच्या.

पहिला दिवस दारासुरमच्या चोळकालीन देवळात. गावापासून रिक्षानं पंधरा मिनिटं. सकाळी लवकर जा, दगड तापला की अनवाणी चालणं अवघड होतं. इथे माझी पार धुलाई झाली. मंडपात मेधा अंधारातले खांब असे काढत होती की दगडाची रवाळ कड स्क्रीनवर हाताला लागेल असं वाटावं. मी तोच खांब काढला तर पोह्यांवर तिखट भुरभुरल्यासारखे ठिपके. मी गुपचूप बाहेर जाऊन कळसावरचे पोपट काढत बसले. रात्री जेवताना मेधा दोन्ही फोटो कावेरीबाईंना दाखवत होती आणि मी सांबार जरा जास्तच लक्ष देऊन खात होते.

बुधवारी सकाळी गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचं दर्शन घेतलं. कॅमेरे पिशवीतच ठेवले, त्यामुळे दोन तास भांडण नाही. परतलो तर गोपाळराव ओट्यावर बसून पुष्करणीकडे हात जोडत होते. पाण्यापलीकडे देवळाचं सात मजली गोपुर आहे, पूर्वेकडे तोंड करून. मी विचारलं, रोजचा नेम का?

"माझी आई आहे तेथें," ते म्हणाले.

मग कळलं ते असं. त्यांचे वडील चुन्याच्या मूर्ती घडवणारे कारागीर. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी गोपुराची दुरुस्ती झाली तेव्हा ते त्या कामावर होते. गोपाळराव तीन वर्षांचे असताना आई गेली. "तिचें एक पटम् नाही. फोटो काढवून घेण्यास कोण होतें तेव्हां? बाप तिला तेथें केला. सहाव्या मजल्यावर, उजव्या टोकास, दिवा धरून उभी. मज बोट धरून इथें आणून तसें सांगितला. तेव्हांपासून रोज नमस्कार करतों."

मी पाहिलं. सहावा मजला, उजवं टोक. रंगीत दाण्याएवढा ठिपका.

"जवळ जाऊन दिसत नाही?"

"खालीं उभें राहिलें तर मजल्याची पडवी आड येते. दूर आलें तर एवढी बारीक. माझे डोळे तर चाळिशीपासूनच गेले."

आणि आता गोपुराचं काम पुन्हा निघालं होतं. शुक्रवारपासून बांबू आणि झापांनी सगळं झाकणार. कामाच्या प्रमुख स्थपतीला गोपाळराव भेटून आले होते. तो भला माणूस, पण म्हणाला होता, एकेका मजल्यावर शंभरावर मूर्ती आहेत, झिजलेले चेहरे आम्ही शास्त्राप्रमाणे नव्यानं घडवतो. एखादी आहे तशी राखायची असेल तर नेमकी कोणती ते आधी दाखवा.

म्हणजे दोन दिवसांत ती मूर्ती नीट दिसली नाही, तर गोपाळरावांच्या आईचा एकुलता एक चेहरा नव्या चुन्याखाली जाणार होता. मेधा उठली आणि कॅमेऱ्याला तिची लांबची लेन्स लावली. मीही उठले.

बाराच्या उन्हात आम्ही पुष्करणीच्या पूर्वेच्या पायऱ्यांवर पोहोचलो. मेधाची लेन्स दोनशे मिलिमीटरपर्यंत जाते. तिनं फोटो काढून कापून मोठा केला, तर एक धूसर निळा ठोकळा. मग माझं डबडं. झूम पूर्ण ताणला, मूर्ती स्क्रीनभर आली आणि मी जवळजवळ ओरडलेच. पण तिचा चेहरा डुचमळत होता. तापलेल्या पायऱ्यांवरून आणि पाण्यावरून उठणारी हवा थरथरत होती, आणि एवढ्या झूमला ती थरथर साठपट दिसते. चाळीस फोटो काढले. चाळीसही वाया.

"वहिनी, सगळे देव पाण्याखाली गेलेत," मेधा म्हणाली.

मला राग आला तो तिचा नाही, माझाच. आठ वर्षं पक्षी काढणाऱ्या बाईनं भर दुपारी साठपट झूम लावावा? लांबचं काढायचं ते पहाटेनंतरच्या पहिल्या तासात, हे मी शाळेच्या मुलांना सांगते. मी गोपाळरावांना म्हटलं, उद्या सूर्य उगवताना. गोपुराचं तोंड पूर्वेकडे आहे, ऊन थेट तिच्या चेहऱ्यावर पडेल.

"सरि, बरें," ते म्हणाले, आणि त्या दिवशी दुपारी झोपले नाहीत, असं कावेरीबाईंनी नंतर सांगितलं.

गुरुवारी आम्ही चौघं सहालाच पायऱ्यांवर. स्टँड मी आणला नव्हता (डबड्याला कशाला, असं वाटलं होतं), तर कावेरीबाईंनी तांदळाची छोटी पिशवी आणली. पायरीच्या कठड्यावर पिशवी, पिशवीवर कॅमेरा रुतवून बसवला. लांबच्या फोटोसाठी याहून चांगली बैठक मी वापरलेली नाही, लिहून ठेवा. बटण दाबताना हात हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. सूर्य वर आला, गोपुर वरून खाली उजळत गेलं. हवा स्थिर. सहावा मजला, उजवं टोक. क्लिक.

फोटो लख्ख आला होता. बोटांची नखंही मोजता आली असती. मी तो पाहिला आणि गोपुराचे मजले पुन्हा मोजले.

मूर्तीला मिशी होती. चांगली झुबकेदार, टोकं वर वळवलेली. आणि हातात दिवा नव्हता, गदा होती.

लपवणार कसं? गोपाळराव शेजारीच होते. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीन नाकापाशी नेली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग कॅमेरा माझ्या हातात परत दिला.

"बाप मज समजाविण्यास सांगितला असेल," ते म्हणाले. "लहान पोर रडत होता. कांहीतरी दाखविलें पाहिजे."

त्यांचा आवाज अगदी साधा होता, म्हणून ते ऐकवत नव्हतं. ज्या कॅमेऱ्याचा मला एवढा तोरा, त्यानं एका माणसाची आई त्याच्या डोळ्यांदेखत पुसली होती. मेधानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

तेवढ्यात पलीकडे बांबूंचा ट्रक आला आणि स्थपती आम्हाला पाहून पुष्करणीला वळसा घालून आला. कोणती मूर्ती ते ठरलं का, त्यानं तमिळमध्ये विचारलं. गोपाळरावांनी नकारार्थी मान हलवली आणि मला फोटो दाखवायला सांगितलं. मिशी पाहून तो हसला. मग त्यानं काहीतरी विचारलं आणि गोपाळरावांनी स्वतःचा उजवा हात वर करून पाहिला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"विचारतात, उजवें असें कोण सांगितलें? कारागीर सांगितला का? कारागिराचें उजवें म्हणजे देवाचें उजवें. मूर्ती जिकडे तोंड करून उभी, तिचा उजवा हात. आपण समोरून पाहतों, आपल्यास तें डावें."

गणिताची बाई मी, आणि हे मला सुचलं नव्हतं. कॅमेरा डाव्या टोकाकडे वळवून मी तो तांदळाच्या पिशवीत पुन्हा रुतवला. पावणेआठ झाले होते, आणखी अर्ध्या तासात हवा पुन्हा डुचमळली असती. टायमर. एक, दोन. क्लिक.

दोन्ही हातांत दिवा. नऊवारी, कासोटा घातलेला. नाकात नथ. एका गालावरचा रंग उडालेला, आणि ओठ उघडे. सगळ्या गोपुरावर देवदेवता मिटल्या ओठांनी हसतात, ही एकटी बाई दात दाखवून हसत होती.

गोपाळरावांनी स्क्रीन पुन्हा नाकापाशी नेली. आधी बोलल्या कावेरीबाई. त्या नवऱ्याच्या खांद्यावरून वाकल्या आणि म्हणाल्या, "अय्यो, पहा हो. तुम्हीच हांसतांत तें."

आणि खरंच, ते तसेच हसत होते, रडता रडता. "बाप बेस काम केला," ते म्हणाले. "पहा, नथसुद्धां मोत्याची केला." मग कावेरीबाईंकडे वळून, "सत्तर वर्षें मी मिशीवाल्यास नमस्कार करतों आहें!" यावर स्थपतीसकट सगळे हसलो.

पायऱ्यांच्या मंडपात सावली होती. तिथं माझ्या कॅमेऱ्यावर वाकलेले ते दोघं मेधानं टिपले. त्या अंधुक उजेडात माझ्या डबड्यानं नुसती खिचडी केली असती. तिच्या फोटोत गोपाळरावांच्या पापणीवरचं पाणी आहे, आणि चष्म्याच्या काचेत माझी छोटीशी स्क्रीन.

दुपारी मोठ्या रस्त्यावरच्या स्टुडिओतून नथवालीच्या दोन मोठ्या प्रती काढल्या. एक घरासाठी, एक स्थपतीसाठी. त्यानं मागे मजला आणि बाजू लिहिली, देवाच्या हिशेबानं, आणि सांगितलं, तडा बुजवू, रंग देऊ, नथ आणि दात तसेच राहतील. गोपाळरावांनी त्याला ते दोनदा म्हणायला लावलं.

आता घरी येऊन तीन आठवडे झाले. तुम्ही विचारणार, कोणता घ्यावा? देवळांच्या आत, घरात, माणसांच्या चेहऱ्यांसाठी मिररलेस, यात वाद नाही, आणि माझ्या नणंदेचा हात चांगला आहे हेही मी इथे जाहीर लिहिते. लांबचं पाहायचं असेल, पाठीवर ओझं नको असेल आणि सकाळी उठायची तयारी असेल, तर ब्रिज. दुकानदाराला मी 'नको' म्हणून कळवलं. मला माझ्या कॅमेऱ्याचा अभिमान आहे, आणि आता तो मी लपवत नाही. मेधा अजून त्याला डबडंच म्हणते, पण परवा पाहुण्यांना म्हणाली, "आमच्या वहिनीचं डबडं माहितीये का?" आणि अख्खी गोष्ट स्वतःच सांगितली.

काल गोपाळरावांचा फोन आला. गोपुर पूर्ण झाकलंय, झापांशिवाय काही दिसत नाही. मी म्हटलं, मग आता नमस्कार डावीकडे करता ना?

"डावीकडे करतों," ते म्हणाले. "मग उजवीकडेहि एक करतों. मिशीवाला सत्तर वर्षें माझ्या आईचे नमस्कार सांभाळून ठेविला. त्यास एकदम सोडून कसें चालेल?"