सिंगापूरला दिलेलं उत्तर

लग्न होऊन कळंबला आले, तेव्हा नवऱ्यानं मला पहिली गोष्ट शिकवली ती मोर्सची अक्षरं. मी चुलीपुढं भाकरी थापायची आणि हे उंबऱ्यात बसून पितळी तांब्यावर चमच्यानं अक्षरं वाजवायचे. ओळखता आलं नाही की पुन्हा वाजवायचे. इतर बायकांना त्यांच्या नवऱ्यांनी काय शिकवलं ते मी कधी विचारलं नाही, पण हे नक्कीच नसणार. सहा महिन्यांत मला त्यांच्याइतकं भरभर ऐकता येऊ लागलं आणि भाकऱ्या करपायच्याही थांबल्या.

ते हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. हैदराबाद संस्थान जाऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. जुन्या फौजेच्या भंगारातून त्यांनी वायरलेसचे सुटे भाग मिळवले, दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालून यंत्र उभं केलं आणि दिल्लीहून हौशी रेडिओचा परवाना आणला. आमच्या घरात वीज नव्हती. यंत्र मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि त्या बॅटऱ्या गिरणीवाले चाचा आपल्या इंजिनावर भरून द्यायचे.

त्यांचा जीव अडकला होता तो सहा मीटरच्या पट्ट्यात. सहा मीटरच्या आसपास लांबी असलेल्या लहरींची थोडी जागा हौशी लोकांना मोकळी ठेवलेली होती. पण तिकडं फारसं कुणी फिरकत नसे, कारण तो पट्टा एरवी मुकाच. वीसेक मैलांपलीकडं आवाज जायचा नाही. हे म्हणायचे, तेवढा उपयोगही थोडा नाही. येरमाळ्याला एक यंत्र बसवलं, ईटला एक बसवलं, तर पटकीची साथ आली की तासाभरात डॉक्टरला कळेल. एका कचेरीत जाऊन त्यांनी हे दोनदा समजावून सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि चहा पाजला.

या पट्ट्याची आणखी एक खोड होती, आणि आमच्या घरातलं सगळं त्या खोडीपायी घडलं. दर अकरा वर्षांनी सूर्यावरचे डाग वाढतात. त्यानं आभाळात फार उंचावर काहीतरी जागं होतं आणि हाच मुका पट्टा भर दिवसा अचानक उघडतो. हजारो मैलांवरचा माणूस शेजारच्या खोलीत बसल्यासारखा ऐकू येतो. कधी पाच मिनिटं, कधी तासभर, मग पुन्हा सगळं बंद. डाग वाढायचे ते दिवस नेमके तेव्हा आले होते. सहा मीटरवरून एकदा, फक्त एकदा, दूरदेशीच्या माणसाशी बोलायचं, एवढीच यांची इच्छा होती. पुढची संधी अकरा वर्षांनी, आणि यांची छाती तर आत्ताच जिना चढताना दुखायची.

सिंगापूरच्या बंदरात कारकुनी करणारे एक तमिळ गृहस्थ होते, तेही याच नादाचे. वर्षभर दोघांची पत्रं चालली. ठरलं असं, की आपल्या अडीच वाजता त्यांनी रोज यांना तीन मिनिटं हाक मारायची आणि दोन मिनिटं कान देऊन बसायचं, असं अर्धा तास. हेडमास्तरांनी दयाळूपणे त्या वेळेचा तास दुसऱ्याला दिला. हे उन्हातून धापा टाकत घरी यायचे. आमच्या माळवदावर दहा-दहा फुटांच्या तीन नळ्या बांबूला आडव्या बांधलेल्या होत्या. मी वर जाऊन दोरीनं त्यांचं तोंड आग्नेयेकडं करायची, हे खाली ऐकायचे. महिनाभर वहीत एकच शब्द पडत राहिला, ‘नाही’.

गावाला करमणूक झाली. चाचा म्हणायचे, “मास्तर, तुमच्या ब्याटऱ्या भरून आमचं इंजिन बुढ्ढं झालं. सिंगापूरवाला बोलला का न्हाय अजून?” बायका तर त्याहून पुढच्या. आम्हाला मूल नव्हतं, त्याचं खापर त्यांनी छपरावरच्या नळ्यांवर फोडलं होतं. मी एकीला विचारलं, तुमच्या छपरावर काही नाही, मग तुमच्या सुनेचं काय? त्यानंतर ती वर्षभर बोलली नाही. बरंच झालं.

दसऱ्यानंतर यांना दोन दिवस ईटला जावं लागलं, तिथल्या शाळेत प्रयोगाचं सामान लावून द्यायला. निघताना म्हणाले, “अडीचला तू ऐक. ऐकू आलं तर वेळ लिही, किती जोरात ते लिही. पण पाठवायच्या कीला हात लावायचा न्हाय. परवाना माझ्या नावावर हाय.”

“मी काय लहान पोर हाय का?” मी म्हणाले.

ऐकायला परवान्याची अडचण नव्हती, पाठवायला होती. ती पितळी की दाबून आपलं बोलणं हवेत सोडायचा अधिकार सरकारनं एकट्या यांना दिला होता. हे मला तांब्यावरच्या अक्षरांइतकंच पाठ होतं.

पहिल्याच दिवशी, अडीच होतात न होतात तोच कानातली खरखर एकाएकी निवळली आणि यांची अक्षरं वाजू लागली. सरकारनं दिलेली, यांचं हवेतलं नाव असलेली अक्षरं. इतकी स्वच्छ, की मी आधी उंबऱ्याकडं पाहिलं. मग सिंगापूरवाल्याची अक्षरं आली. मी वेळ लिहिली. तीन मिनिटं त्यानं हाक मारली आणि तो थांबला.

ती पुढची दोन मिनिटं मला सोसवली नाहीत. तिकडं एक माणूस श्वास धरून बसलाय आणि इकडं मी हात मांडीवर ठेवून बसलेय. पुन्हा तीन मिनिटं हाक, पुन्हा थांबणं. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा त्याचा जोर थोडा कमी वाटला. पट्टा मिटायला लागला असेल, या विचारानं मला रडूच आलं. उद्या उघडेल याची काय खात्री? मी उठून पाठवायचं यंत्र सुरू केलं, पाचवी हाक संपेपर्यंत ते तापलं, आणि मी कीवर बोटं ठेवली.

मी यांच्या नावानं उत्तर दिलं. दुसऱ्याच क्षणी तिकडून अक्षरांचा नुसता पाऊस आला. तुमचा आवाज उत्तम, ठणठणीत, फार आनंद झाला, ओल्ड मॅन! हौशी लोक एकमेकांना असंच म्हणतात, वय काही का असेना. चोविसाव्या वर्षी मी त्याचा म्हातारबा झाले. त्यानं हवा विचारली, मी ऊन आहे म्हणून सांगितलं. सात मिनिटांनी तो विरत गेला आणि पुन्हा खरखर सुरू झाली. मी स्वयंपाकघरात जाऊन घागरीतलं पाणी घटाघटा प्यायले आणि एकटीच हसत सुटले.

हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं यायचे होते. मधे चाचा भेटले, त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणाले, विचारा की मास्तरांना. आधी यांना सांगायचं होतं. एवढा वेळ हातात असून मला एकदाही वाटलं नाही, की आपल्या हातून काही वावगं झालंय.

ते आले, हातपाय धुऊन ताटावर बसले. मी म्हणाले, “काल सिंगापूर आलं होतं.”

त्यांचा घास हातातच राहिला. “खरं? किती जोरात?”

“शेजारच्या घरातून बोलल्यासारखं.”

“किती वेळ?” त्यांचा चेहरा असा उजळला होता, की लग्नातसुद्धा मी तो तसा पाहिला नव्हता. आणि त्या भरात मी म्हणाले, “वीस मिनिटं हाका मारत होता बिचारा. मग म्या उत्तर दिलं. लई खूश झाला तो.”

त्यांनी घास ताटात ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, “तुला सांगितलं होतं मी.”

“नवराबायकोत कुठं आलंय तुझं-माझं?”

“घरात न्हाय. हवेत हाय.”

मी चिडले. जगात कुणाला कळणार आहे, म्हणाले. आमच्यात खूप बोलाचाली झाली, म्हणजे मीच बोलले. त्यांनी जेवण तसंच ठेवून दोन पत्रं लिहिली. एक सिंगापूरला, की ते उत्तर माझं नव्हतं, माफ करा. दुसरं दिल्लीला, की माझ्या परवान्यावर दुसऱ्या व्यक्तीनं संदेश पाठवला, याला मी जबाबदार आहे. मी पाया पडले. निदान दिल्लीचं तरी टाकू नका, म्हणाले. सकाळी शाळेत जाताना त्यांनी दोन्ही पत्रं टपालात टाकली.

दिल्लीचं उत्तर येईपर्यंत त्यांनी स्वतःहूनच पाठवणं बंद केलं. ऐकायचे मात्र रोज. आणि नेमक्या त्या पंधरवड्यात पट्टा नऊ वेळा उघडला. सिंगापूरला पत्र पोचायच्या आधीचे दिवस होते, सिंगापूरवाला यांना हाक मारायचा. हे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. हाक संपली की ती दोन मिनिटं मान खाली घालून काढायचे. मी त्या वेळी आडावर पाण्याला जायची. हंडा भरलेला असला तरी जायची.

मग सिंगापूरचं कार्ड आलं, भेट झाल्याची पावती म्हणून हौशी लोक पाठवतात तसलं. पत्रांची वाटेत चुकामूक झाली असणार. माडांचं चित्र, त्यावर यांची अक्षरं आणि ‘सहा मीटर’. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, पाकिटात घातलं आणि परत पाठवलं. पाठोपाठ दिल्लीचा कागद आला. परवाना दोन वर्षं तहकूब. सरकारी माणसं येऊन पाठवायच्या यंत्राला लाखेचं सील लावून गेली. भली माणसं होती, जाताना मास्तरांच्या प्रामाणिकपणाची तारीफ करून गेली.

दोन वर्षांनी सील निघालं तोवर सूर्य निवला होता. यांनी पुन्हा रोज हाका मारल्या. वहीत पुन्हा ‘नाही’. वर्षभरानं त्यांनी नाद सोडला आणि नळ्या उतरवून ठेवल्या. मला ते कधी टाकून बोलले नाहीत. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला मोकळं रडता तरी आलं असतं.

पुढं चार-पाच वर्षांनी एका रविवारी आम्ही अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. त्यांचं छातीचं दुखणं तेव्हा वाढलं होतं, शाळेची नोकरी सुटली होती. बोलता बोलता मी म्हणाले, “त्या दिवशी म्या कीला हात लावायला नको होता.”

ते म्हणाले, “त्याचं मला कधीच वाईट वाटलं न्हाय. तुझ्या जागी मी असतो तर मीही लावला असता.” थोडा वेळ ते शेंगा फोडत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “मला सांगायला नको होतंस.”

मला कळेना. म्हणाले, “नुसतं ऐकलं, एवढंच सांगितलं असतंस तर? कार्ड आल्यावर कळलंच असतं मला, आणि मग मी दिल्लीला लिहिलंही असतं. पण तोवर मला उत्तर द्यायला पंधरा दिवस मिळाले असते. त्यात पट्टा नऊ वेळा उघडला होता.”

एवढं बोलून ते ओशाळल्यासारखे हसले आणि टरफलं गोळा करू लागले. इतकी वर्षं त्यांनी ते पंधरा दिवस मनात जपले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. पुढच्या चैत्रात ते गेले. त्या दिवशी सिंगापूरला उत्तर देण्याएवढी मोठी गोष्ट माझ्या हातून घडली होती, आणि ती सांगायला मला त्यांच्याशिवाय दुसरं होतंच कोण?