संताजींनी आखलेली वाट

होळकरांची फौज मोडली तेव्हा हवालदार संताजी जगदाळे चाळिशीत होते. मध्यभारताचं राज्य आलं आणि ते मल्हारगंजातल्या एका दुमजली इस्पितळात जमादार म्हणून लागले. वॉर्डबॉय आणि पहारेकरी त्यांच्या हाताखाली.

एका उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीतलं रुईचं गोदाम जळालं. मोठे डॉक्टर दिवाकर रेगे यांनी लगेच हुकूम काढला: घंटा झाली की सगळे रोगी मधल्या जिन्याने खाली आणायचे. संताजींनी तो वाचला, चार वॉर्डबॉय बोलावले आणि स्वतः गादीवर आडवे झाले. “उचला. समजा, माझी मांडी मोडली आहे.” जिन्याच्या वळणावर गादी अडकली ती अडकलीच.

ते तडक डॉक्टरांकडे गेले. “साहेब, एकच हुकूम सगळ्यांना नाही चालणार. बाळंतिणी मागच्या जिन्याने उतरतील, बाळं कामावरच्या आयाबाई चादरीच्या झोळीत आणतील. पण हाडांच्या वॉर्डाला खाली आणूच नये. त्याच मजल्यावर, गादीसकट व्हरांड्यातून पलीकडच्या वॉर्डात ओढायचं आणि मधलं लोखंडी दार लावून टाकायचं.”

“आग लागली असताना रोगी वरच ठेवायचे?”

“आगीपासून दूर ठेवायचे, साहेब. खाली नंतर आणू, आरामसे.”

“करून दाखवा,” डॉक्टर म्हणाले.

संताजींनी वॉर्डबॉयांनाच रोगी करून कवायत घेतली. तिसऱ्या खेपेला वॉर्ड पाच मिनिटांत रिकामा झाला. डॉक्टरांनी जुना हुकूम फाडला.

श्रावणात एका सकाळी, ऐन भेटीच्या वेळी, हाडांच्या वॉर्डाला लागून असलेल्या कपड्यांच्या कोठीत विजेची तार पेटली. दाराखालून धूर येताच अंबिका सिस्टरनं घंटा वाजवली आणि रोग्यांच्या पायांना टांगलेली वजनं हलक्या हातानं उतरवायला घेतली. गाद्या जमिनीवर आल्या. पण व्हरांडा देपालपूर-सांवेरहून आलेल्या नातेवाइकांनी भरलेला. डबे, बोचकी टाकून सगळे आपापल्या माणसाकडे धावले आणि वाट तुंबली.

संताजींनी गर्दीवरून नजर फिरवली. कवायतीत ही माणसं नव्हतीच. मग त्यांचा परेडवरचा आवाज निघाला. “भिया, भावांनो, रडणं नंतर. तुमच्या माणसाच्या गादीचं टोक धरा आणि माझ्या मागे चला. बाया, आधी बोचकी उचलून भिंतीकडे ठेवा.”

हाताला काम मिळताच लोक सावरले. मुलांनी बाप ओढले, बायकांनी नवरे. बावीस रोगी पलीकडे पोचले आणि संताजींनी लोखंडी दार लावलं. बंबवाले आले तोवर कोठी जळून गेली होती, वॉर्डाच्या भिंती काळ्या पडल्या होत्या. माणूस एकही भाजला नव्हता.

दुपारी डॉक्टर नवा हुकूम टाईप करवून घेऊन आले. “जमादारजी, याच्यावर तुमचीही सही हवी.”

संताजींनी कागद वाचला आणि परत दिला. “आत्ता नाही, साहेब. यात नातेवाइकांचं काम लिहायचं राहिलंय.”

डॉक्टरांनी खुर्ची पुढे सरकवली. संताजी बसले आणि सांगू लागले.