उन्हातला नाच

रातपाळीच्या माणसाने मौज कधी करायची, हे कुठल्याच कंपनीने अजून सांगितलेलं नाही. चैत्याला विचारलंत तर तो म्हणेल, सकाळी, दुसरं काय. तलासरीकडच्या एका पाड्यावरचा हा चैत्या. हद्दीपलीकडे गुजरातेत, प्लॅस्टिकच्या बादल्या करणाऱ्या कंपनीत कामाला. दिवेलागणीला कंपनीची बस त्याला उचलायची आणि उन्हं वर आली की आणून टाकायची. बरोबरचा पांड्या गंजाडचा, मोठा हौशी गडी. एकदा पाळी सुटल्यावर त्याने चैत्याला परस्पर महालक्ष्मीच्या जत्रेला नेलं. आकाशपाळणा होता, पण पाळणेवाला त्याच्याच खाली चादर ओढून घोरत पडलेला. हलवून उठवला तर म्हणाला, "शाम को आओ." दुसऱ्या खेपेला दोघे चिखल्याच्या किनाऱ्यावर गेले. भेळेच्या गाड्यांवर ताडपत्र्या आणि वाळूत एक कुत्रं, एवढीच काय ती गर्दी. सुरूच्या सावलीत बसल्या बसल्या दोघांचा असा डोळा लागला की भरती चपला घेऊन गेली. पांड्या त्यावर कितीतरी दिवस हसत होता. चैत्याही हसायचा, पण त्याला ना पाळणा हवा होता ना भेळ.

त्याला तारपा वाजवायचा होता. पाड्याचा तारपा त्याच्याच घरात, भिंतीला टांगलेला. त्याच्या बापाने, तुक्याने, केलेला. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पानं, सगळं मधमाशीच्या मेणाने जोडलेलं. भात घरात आलं, दिवाळी लागली की रात्री अंगणात नाच सुरू व्हायचा. वाजवणारा पुढे आणि मागे सगळी रांग, एकमेकांच्या कमरेत हात घालून. तो वळेल तिकडे रांग वळणार, तो थांबेल तिथे थांबणार. बापानंतर पुढे चैत्या असायचा. नवशीशी त्याचं जमलं तेही अशाच नाचात. गंमत म्हणजे तिच्या कमरेत हात घालून तो एकदाही नाचला नव्हता. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात तारप्यावर, त्याला बायको फक्त मागे पायाच्या आवाजावरून कळायची.

नोकरी लागली आणि नाचाच्या रात्री कंपनीकडे गेल्या. पहिल्या दिवाळीला त्याने सुट्टी मागितली तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "लांबची माणसं गावाला चालली आहेत. तू तर इथलाच, तुला कशाला सुट्टी?" इथलाच असणं हा असा गुन्हा झाला. तो रात्रभर साच्यातून बादल्या काढायचा आणि त्याच्या धाकट्या भावाने, रूपेशने, आणलेल्या स्पीकरच्या बॉक्सवर पाडा नाचायचा. मोबाईलमध्ये तारपा भरलेला, तो बॉक्समधून वाजायचा. सकाळी अंगणात पायांनी उडवलेली माती दिसली की चैत्या ती पायानेच सपाट करून टाकायचा. एकदा नवशी सांगायला लागली, तर तो खेकसला, "माज्यासमोर त्या बॉक्सचं नाव काढू नको." तिने पुन्हा काढलं नाही. पाड्याने आपल्याला सोडून दिलं, त्या डबड्याने आपली जागा घेतली, हे त्याच्या मनात पक्कं बसलं.

दुसरी दिवाळी आली, सन दोन हजार सतराची. सुट्टी याही वर्षी नाही. चैत्या जेवण अर्ध्यावर टाकायला लागला. ते पाहून पाड्यावरची म्हातारी बुधी अंगणात येऊन बसली. म्हणाली, "पोरा, रातचा तू नाय, तर दिवसा नाचू. ऊन काय खातंय का आपल्याला?" माणसं हसली. उन्हात कोण नाचतं? पण म्हातारीपुढे कोणाचं चालत नाही. रविवारी सकाळी बस आली की नाचायचं, असं ठरलं.

चैत्या हरखून गेला. वाजवणाऱ्याने घरातून नव्हे, वेशीपासून वाजवत यावं, असा बापाचा शिरस्ता. मग बसमधून उतरल्या उतरल्या सुरू करायचं म्हणून शनिवारी पाळीला जाताना त्याने तारपा गोणपाटात गुंडाळून बरोबरच घेतला. हिवाळ्याची चाहूल लागलेली. गारठ्याने आतली जिभळी, सूर काढणारी बांबूची पट्टी, आखडते, म्हणून घरी तो तारपा शेकोटीजवळ धरायचा. इथे शेकोटी नव्हती, मशीन होतं. त्याने ऊब लागेल असा तारपा मशीनच्या आडोशाला ठेवला आणि कामाला लागला. शेकोटी हळूहळू विझते, मशीन विझत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. सकाळी गोणपाट उचललं तर ते मेणाने चिकट झालेलं. भोपळा एकीकडे, नळ्या एकीकडे, बापाच्या हातचे जोड सगळे सुटलेले. बसमध्ये पांड्यानेही थट्टा केली नाही.

वेशीवर सगळा पाडा उभा होता. बायकांनी रात्रीच्या नाचासारख्याच केसांत वेण्या माळलेल्या, बुधी सगळ्यांच्या पुढे. चैत्याने गोणपाट खाली ठेवून उघडलं आणि म्हणाला, "माज्या हातानं झालं." त्याला रडू आवरेना. बुधीने भोपळा उचलून निरखला. "मेण परत लावता येतं," ती म्हणाली, "माणसं जमली ती तशीच घरी जायाची नाय. रूपेश, तुजा लाव."

सगळे अंगणात आले आणि बॉक्स सुरू झाला. चैत्याने मान फिरवली, पण कान फिरवता येत नाहीत. पहिलीच फुंक ऐकून तो चमकला. दम कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा, हे पुढचं सगळं त्याला आधीच माहीत होतं. बॉक्समधून तो स्वतःच वाजवत होता. नोकरीच्या पहिल्या दिवशी, बसची वाट बघत अंगणात वाजवत बसला होता, तेव्हा रूपेशने त्याच्या नकळत मोबाईलमध्ये भरून घेतलेलं.

"दोन दिवाळ्या आमी तुज्याच मागं नाचतोव," नवशी म्हणाली. "तू सांगूच कुठं दिलंस?"

तिने त्याला रांगेत ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात तिच्या कमरेत गेला. भर उन्हात सगळा पाडा फिरू लागला. सुरुवातीला चैत्याचे पाय चुकले, पुढे चालायची सवय, मागे चालणं त्याला ठाऊक नव्हतं. मग जमलं. नवशीचा खांदा त्याच्या खांद्याला लागत होता, आणि इतकी वर्षं रांगेकडे पाठ करून आपण कशाला मुकलो ते त्याला कळलं. हे संपूच नये असं त्याला वाटलं.

तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला.

चैत्याने नवशीच्या कमरेतला हात काढला आणि वेशीकडे चालू लागला. थोडं पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की मागे तारपाही थांबलाय, आणि रस्त्यावर बस नाही. हॉर्न बॉक्समधला होता. नोकरीच्या त्या पहिल्या दिवशी हॉर्न ऐकून तो असाच तारपा अर्ध्यावर टाकून गेला होता.

तो वळला. रांग जागच्या जागी उभी होती, आणि नवशीने आपला हात तसाच मोकळा धरून ठेवला होता.

"रोज इथंच थांबतो," ती म्हणाली. "मग रूपेश परत पयल्यापासून लावतो."

रूपेशने परत पहिल्यापासून लावलं. चैत्या आपल्या जागेवर येऊन उभा राहिला. खरी बस संध्याकाळी येणार होती.